एक खोली, तीन भावंडं, दोन आजार: मानखुर्दचं एक प्रकरण

(नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्णाच्या आणि त्याच्या पत्नीच्या संमतीने लिहिलं आहे.)

थोडक्यात

शशिकांत, वय ४०, सिक्युरिटी गार्ड. मानखुर्दच्या एका पुनर्वसन इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. २०२३च्या फेब्रुवारीत त्याला एकाच आठवड्यात दोन आजार सापडले: फुप्फुसाचा टीबी आणि टाइप २ मधुमेह. शेजारी म्हणाले, "बापालाही खोकला होता, यांच्या रक्तातच आहे." कंपनीचा सुपरवायझर म्हणाला, "रात्रीची जागरणं आणि शनिवारची क्वार्टर, दुसरं काय होणार?" त्याची बायको सुलभा म्हणाली, "या खोलीत आल्यापासून घरात कोणी ना कोणी खोकतंच." तिघांचंही थोडंथोडं बरोबर होतं. कुठल्या आजाराच्या बाबतीत कोणाचं बरोबर, हे वेगळं काढता आलं म्हणून पुढचे निर्णय नीट झाले.

पार्श्वभूमी

कुटुंब मूळचं लांजा तालुक्यातलं. वडील लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मोठा मुलगा चार वर्षांचा होता आणि आई पुन्हा गरोदर होती. शशिकांतचा जन्म त्याच वर्षीच्या गणपतीतला. आई आता गावी असते. फोनवर तिला त्या दिवसांबद्दल विचारलं तर तिने सहज सांगितलं, "पगार बंद. पेज आणि सुकं बोंबील. पोर एवढंसं झालं होतं, सुईण म्हणाली जगेल का नाही." वजन कोणी केलं नव्हतं. वडिलांची नोकरी गेली, खोली गेली आणि कुटुंब वडाळ्याजवळ हार्बर लाइनच्या कडेला झोपडी बांधून राहिलं. धाकटी बहीण तिथली, १९८७ची.

वडिलांना साखर होती. पाय चिघळला, कापावा लागला, १९९८ला गेले. आईलाही साखर, पन्नाशीपासून गोळ्या. पुढे मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात रुळांकडेच्या झोपड्या हलल्या आणि शशिकांतला मानखुर्दला २२५ चौरस फुटांची खोली मिळाली. तळमजला अधिक सात. समोरची इमारत इतकी जवळ की खिडकीतून हात काढून कपडा देता येईल, असं सुलभा म्हणते. तेवढी जवळ नाही, पण मधली जागा दहा फुटांच्या आसपास. दुसऱ्या मजल्यावर दुपारी बारालाही ट्यूबलाइट लागते.

मोठा भाऊ बाळकृष्ण, वय ४५, गावी. काजू, थोडी भातशेती, बाकी मिळेल ते काम. बहीण विरारला, पोळीभाजी केंद्रात काम करते. शशिकांत बारा तासांची ड्युटी करतो, बहुतेक रात्रपाळी, लोअर परळच्या एका टॉवरच्या गेटवर. म्हणजे वडिलांच्या गिरणीपासून चालत वीस मिनिटांवर.

अडचण

२०२२च्या दिवाळीपासून खोकला. जवळच्या एका खासगी डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा कोर्स दिला. बरं वाटलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा तोच कोर्स. या औषधाची एक खोड अशी की ते टीबीच्या जंतूवरही काही प्रमाणात चालतं. खोकला दबतो, निदान लांबतं आणि औषधाला दाद न देणारे जंतू तयार होण्याची भीती राहते ती वेगळीच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासायची हा नियम प्रत्येक भिंतीवर लिहिलेला असतो. तीन महिन्यांत त्याची थुंकी कोणीच तपासली नाही.

जानेवारीअखेर तो आमच्या दवाखान्यात आला तेव्हा वजन ५४ किलो होतं. मागच्या वर्षीच्या कंपनीच्या मेडिकलचा कागद सुलभाने प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. त्यावर वजन ६१, उंची १६८ सेंटिमीटर, कंबर ९३ सेंटिमीटर आणि खाली शिक्का: 'फिट'. रक्ताची साखर त्या तपासणीत नव्हतीच.

या कागदापाशी थोडं थांबायला हवं. ६१ किलो आणि १६८ सेंटिमीटर म्हणजे बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) २१.६. कोणीही म्हणेल, सडपातळ माणूस. पण कंबर ९३ होती आणि भारतीय पुरुषाला ९०च्या पुढे धोका धरतात. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीने काढलेला फोटो छापून आला होता. दोघांचाही इंडेक्स २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडचा बारीक माणूस आतून बारीक असेलच असं नाही, हे इतक्या कमी जागेत दुसऱ्या कोणी दाखवलेलं मला माहीत नाही.

चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या संस्थेने बनवलेला भारतीय मधुमेह जोखीम गुणांक त्याच कागदावरून काढता आला असता. वय ३५ ते ४९ला २० गुण, कंबर ९० ते ९९ला १०, बैठं काम आणि व्यायाम नाही त्याला ३०, आईवडील दोघांनाही मधुमेह त्याला २०. बेरीज ८०. साठ किंवा त्याहून वर म्हणजे जास्त जोखीम. सुई नाही, रक्त नाही, एक टेप पुरते.

आम्ही थुंकी सीबीनॅटला, म्हणजे टीबीचा जंतू आणि त्याने औषधाला दाद देणं दोन्ही तपासणाऱ्या यंत्रावर, पाठवली. जंतू सापडले. टीबीच्या मुख्य औषधाला, रिफाम्पिसिनला, दाद न देणारे नव्हते, हे नशीब. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची साखर तपासतात तशी त्याचीही तपासली. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ११.२.

मधुमेह असेल तर टीबी होण्याची शक्यता दुपटीतिपटीने वाढते. उलट टीबीच्या तापातही साखर चढते. त्यामुळे ११.२पैकी किती जुना मधुमेह आणि किती आजाराची चढ, हे त्या दिवशी सांगता येत नाही. पण अंगठ्याला मुंग्या वर्षभर येत होत्या, रात्री ड्युटीवर चार वेळा लघवीला उठायचा. हे जुनंच असणार, असं आम्ही धरून चाललो.

कोणता धोका कुठून आला

केसपेपरवर 'कौटुंबिक इतिहास' असा रकाना असतो. त्यात आम्ही लिहिलं: आईवडील दोघांना मधुमेह. वडिलांना जुना खोकला. इथपर्यंत सगळे लिहितात. शेजाऱ्यांनीही हाच रकाना तोंडी भरला होता, फक्त त्यांनी खोकलाही रक्तात टाकला.

टीबी आईबापांकडून रक्तातून येत नाही. काही माणसांचं शरीर जंतूला लवकर शरण जातं यात जनुकांचा काही वाटा असतो, पण एका घरातल्या चौघांना टीबी होतो तो मुख्यतः ते चौघे एकच हवा घेतात म्हणून. वडिलांचा खोकला कापसाच्या धुरळ्याचाही असू शकेल. कागद नाहीत, त्यामुळे तो प्रश्न तिथेच सोडला.

मधुमेहाचं वेगळं. तो खरोखर घराण्यात चालतो. पण जे आईवडिलांकडून येतं ते सगळं जनुकांतूनच येतं असंही नाही, आणि या घरात ते फार स्पष्ट दिसत होतं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ला सुरू झालेल्या गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. आईच्या पोटात उपासमार काढलेलं मूल पुढे भरपेट खाण्याच्या आणि बसून राहण्याच्या दिवसांत आलं की साखर सांभाळायला त्याचं शरीर कमी पडतं, असा त्यावरून मांडलेला तर्क आहे.

आता ही तीन भावंडं पाहा. आईवडील तेच. मोठा १९७७चा, गिरणीचा पगार दर महिन्याला घरी येत होता तेव्हाचा. मधला संपाच्या वर्षातला. धाकटी रुळांकडेच्या झोपडीतली. तिघांच्या रक्ताच्या तपासण्या पुढे आल्या तेव्हा मला या तारखांचा मोह झाला होता. एका कुटुंबावरून काही सिद्ध होत नाही, मोठा भाऊ आजही दिवसभर राबतो हेही तितकंच खरं. तरी 'कौटुंबिक इतिहास' लिहिताना जन्माचं वर्ष आणि त्या वर्षी घरात काय शिजत होतं हे विचारायला काय हरकत आहे?

राहिली जागा. २०१८मध्ये पुढे आलेल्या एका पाहणीत 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी या भागातल्या तीन वसाहती तपासल्या होत्या. लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंडमध्ये शंभरात आठ ते दहा जणांना टीबी झाल्याचं आढळलं, इमारतींत जास्त अंतर असलेल्या पीएमजी कॉलनीत शंभरात सुमारे एकाला. खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही हे त्यात ठळकपणे मांडलं होतं. अशा पाहणीत गरिबी, गर्दी आणि वारा एकमेकांत मिसळलेले असतात हे मान्य. पण मिसळलेले असतात ते याच खोल्यांत.

समोर असलेले पर्याय

पहिला प्रश्न बाळकृष्णनेच टाकला. तो दुसऱ्याच दिवशी रात्रीच्या गाडीने आला आणि म्हणाला, "डॉक्टर, याला गावी नेतो. मोकळी हवा, घरचं तांदूळ, आंबे येतील आता. इथे मरायचाय का?" मनातून त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. पण गावच्या घरात ६८ वर्षांची मधुमेही आई होती आणि शशिकांतची थुंकी तेव्हा भरपूर जंतू दाखवत होती. सुरुवातीचे आठवडे सर्वांत जास्त संसर्गाचे. त्या आठवड्यांत त्याला आईशेजारी नेऊन बसवणं म्हणजे टीबीला सर्वांत सोपं घर दाखवणं होतं. नि-क्षय या सरकारी टीबी नोंदणीवर औषधं गावच्या केंद्रात मिळाली असती, अडचण ती नव्हती. शेवटी ठरलं की थुंकी स्वच्छ होईपर्यंत मुंबईत, मग हवं तर मे महिन्यात गावी. बाळकृष्ण नाराज होऊन गेला.

दुसरा प्रश्न साखरेच्या औषधाचा. टीबीतलं रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या रक्तात टिकत नाहीत. मेटफॉर्मिन चालतं. पण ११.२ला आणि वजन उतरत असताना नुसत्या मेटफॉर्मिनवर थांबणं बरोबर नव्हतं. इन्शुलिनला तो तयार नव्हता, कारण वडिलांना इन्शुलिन सुरू झालं आणि मग पाय गेला, असा क्रम त्याच्या डोक्यात पक्का बसला होता. सुलभाने विचारलं, "पाय इन्शुलिनमुळे गेला की इन्शुलिन उशिरा मिळाल्यामुळे?" मी बोलायची गरज उरली नाही. रात्री एक इन्शुलिन आणि दोन वेळा मेटफॉर्मिन, एवढ्यावर सुरुवात केली. फ्रिज शेजारच्या वहिनींचा.

तिसरा प्रश्न भाच्याने आणला. इंटरनेटवर कुठल्याशा कंपनीची 'डीएनए कुंडली' त्याने पाहिली होती, किंमत बारा हजार. सगळ्या घराची करू म्हणाला. नाही म्हणायला मला वेळ लागला नाही, पण का नाही हे समजावायला लागला. टाइप २ मधुमेहाशी जोडलेली डीएनएतली शेकडो ठिकाणं आता माहीत आहेत. त्यांतलं, पुष्कळांत आढळणाऱ्यांपैकी सर्वांत जोरकस जनुक टीसीएफसेव्हनएलटू, २००६ला सापडलेलं. त्याची धोक्याची एक प्रत असली तर जोखीम साधारण दीडपट होते. दोन्ही आईवडिलांना मधुमेह असल्याचं माहीत असताना ही माहिती हातात येऊन आपण वेगळं काय करणार? तेच, कंबर मोजा, चाला, रक्त तपासा. त्यातल्या थोड्या पैशांत भावाची आणि बहिणीची एचबीएवनसी करून घ्या, असं सुचवलं. त्यांनी ऐकलं.

जनुकांचा एक भाग मात्र उपचारात खरोखर आडवा येतो, त्याबद्दल कोणी कुंडली विकत नाही. आयसोनियाझिड हे टीबीचं औषध शरीर किती वेगाने निकामी करतं हे एनएटीटू या जनुकावर ठरतं. हळू निकामी करणारे लोक आपल्याकडे बरेच आहेत आणि त्यांच्या यकृताला त्रास होण्याची शक्यता जास्त. ती चाचणी आम्ही केली नाही. सुरुवातीलाच यकृताचं रक्त तपासून ठेवलं आणि मळमळ, पिवळी लघवी, भूक जाणं या तीन गोष्टी सुलभाकडून पाठ करून घेतल्या. मुंग्यांसाठी बी-सिक्स जीवनसत्त्वाची गोळी जोडली. टीबीचंच दुसरं औषध एथॅम्ब्युटॉल डोळ्यांना बाधू शकतं आणि मधुमेहही, म्हणून डोळे आधीच दाखवून घेतले.

घर पाहिलं तेव्हा

आमची सामाजिक कार्यकर्ती घरी गेली. दरवाजा पॅसेजमध्ये उघडतो, समोरच्या भिंतीला खिडकी, खिडकीखाली ओटा, कोपऱ्यात मोरी. खिडकीला निळं ताडपत्रीचं प्लास्टिक खिळ्यांनी ठोकलेलं, कारण वरच्या मजल्यांवरून कचरा फेकतात आणि पाइपवरून उंदीर येतात. शशिकांत दिवसा दार बंद करून झोपायचा. रात्री तो ड्युटीवर, मग त्याच खोलीत दार बंद करून सुलभा आणि दोन मुलं. म्हणजे त्या हवेला बाहेर पडायची संधी चोवीस तासांत फारशी कधी मिळत नव्हती.

घरच्यांनी ठरवलं होतं की प्लास्टिक काढायचं आणि शशिकांतचं अंथरूण खिडकीशी घालायचं, म्हणजे त्याला ताजी हवा मिळेल. हे इतकं सरळ वाटतं की कोणीही मान डोलावेल. कार्यकर्तीने देव्हाऱ्यातली एक उदबत्ती घेतली. प्लास्टिक असताना खोलीच्या मध्ये धरली तर धूर सरळ वर गेला आणि छताखाली पसरून तिथेच राहिला. मग प्लास्टिक एका बाजूने सोडलं, दार उघडलं. थोड्या वेळाने धूर हळूहळू दाराकडे झुकला. दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या जागी धरून पाहिलं, तेच. हवा दोन इमारतींमधल्या फटीतून खिडकीवाटे आत येत होती आणि पॅसेजमध्ये निघत होती.

मग खिडकीशी झोपलेल्या माणसाचा खोकला सगळ्या खोलीवरून, मुलांवरून, दाराकडे जाणार. म्हणून उलट केलं. शशिकांत दाराशी, मुलं खिडकीशी. प्लास्टिकच्या जागी बारीक जाळी बसवली. घरात मास्क, निदान पहिले काही आठवडे.

इथे एक गोष्ट सुटत नाही. दाराबाहेरचा पॅसेज हा इतर सात खोल्यांचाही पॅसेज आहे. मोरीवर एक्झॉस्ट पंखा लावायचाही विचार झाला, पण तो हवा टाकणार समोरच्या इमारतीच्या खिडकीत. अशा बांधकामात एका खोलीची हवा सुधारणं म्हणजे पुष्कळदा ती दुसऱ्याच्या खोलीत ढकलणं. आमच्या बाजूने एवढंच होतं की औषध नियमित सुरू झालं की संसर्ग झपाट्याने कमी होतो, त्यामुळे हा प्रश्न काही आठवड्यांचा होता. पॅसेजच्या टोकाची झडप गंजून बंद होती, ती सोसायटीने पंधरा दिवसांत उघडून दिली. मोकळ्या हवेसाठी हव्या असलेल्या गच्चीच्या चावीसाठी मात्र सेक्रेटरींकडे तीन फेऱ्या झाल्या, तेव्हा सकाळी दोन तास मिळाली.

केलेल्या गोष्टी

५४ किलोला टीबीच्या एकत्रित गोळ्या रोज चार, सहा महिने. घरातल्या सगळ्यांची तपासणी. सुलभा आणि दोन्ही मुलांचे छातीचे फोटो स्वच्छ निघाले, म्हणून त्यांना प्रतिबंधक औषध, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. मुलगा नऊ वर्षांचा. त्याला गोळ्या गिळवताना बापाने स्वतःच्या चार गोळ्या शेजारी मांडून ठेवल्या, "बघ, तुझ्या सोप्या आहेत."

तिसऱ्या आठवड्यात मळमळ सुरू झाली. यकृताचं एन्झाइम नेहमीच्या मर्यादेच्या दुप्पट. त्रास असताना तिपटीपलीकडे गेलं तर औषधं थांबवायची असतात, त्याआधी नाही. घाबरून थांबवणं सोपं असतं आणि तिथूनच उपचार तुटतात. आम्ही थांबवलं नाही, आठवड्याने पुन्हा तपासलं, उतरलेलं होतं. शनिवारची क्वार्टर मात्र त्या आठवड्यात सुटली ती, त्याच्या सांगण्याप्रमाणे, अजून सुटलेली आहे.

खाण्याचा घोळ सर्वांत मोठा. दवाखान्यात टीबीच्या खिडकीवर सांगितलं, "भरपूर खा." साखरेच्या खिडकीवर छापील कागद मिळाला, "कमी खा." शेजारून चिकू, केळी, ग्लुकोज बिस्किटं येत राहिली. दोन्ही कागद समोर ठेवून सुलभाने विचारलं, "यातलं नक्की कुठलं शिजवू?" आहारतज्ज्ञांसोबत बसून एकच कागद केला. रोज दोन अंडी, मटकी किंवा चवळीची उसळ, शेंगदाणे, परवडेल तेव्हा सुकट किंवा मांदेली. भात एक वाटी, पोळीऐवजी शक्य तेव्हा नाचणीची भाकरी. गेटवरचा वडापाव आणि साखरेचे चार चहा बंद, डबा घरून. नि-क्षय पोषण योजनेचे तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळायचे (नोव्हेंबर २०२४पासून १०००). अंडी त्यातून निघाली.

मुलांच्या ताटातही तेच पडावं यावर आम्ही जोर दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झारखंडमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टीबी रुग्णाच्या घरच्यांना जास्तीचा शिधा दिल्यावर त्यांच्यात नवा टीबी सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला, जंतू सापडून पक्कं झालेला टीबी ४८ टक्क्यांनी. या घराचं ताट त्याआधीच बदललं होतं.

नोकरीचा निर्णय शशिकांतने स्वतः घेतला. महिनाभर बिनपगारी रजा. सुपरवायझरला साखरेचं सांगितलं, टीबीचं नाही. सांगायला हवं होतं का, यावर आमच्यातच मतभेद होते. गेटच्या केबिनमध्ये दोन माणसं बसतात. पण तो परतला तेव्हा संसर्गाचा काळ उलटलेला होता आणि सांगितलं असतं तर नोकरी गेली असती याची त्याला खात्री होती. गेलेल्या नोकरीने साखरही सुधारली नसती. आम्ही फक्त दिवसपाळीसाठी चिठ्ठी दिली आणि सोबत बसणाऱ्या गार्डची थुंकी तपासून घ्यायचं निमित्त काढलं. ती स्वच्छ निघाली.

निकाल

दोन महिन्यांनी थुंकी स्वच्छ. मे महिन्यात पंधरा दिवस गावी जाऊन आला, भावाची नाराजी तिथे संपली. चौथ्या महिन्यात इन्शुलिन बंद करता आलं. अनियंत्रित मधुमेहात टीबीचे उपचार लांबवण्याची मुभा असते, पण साखर ताब्यात होती आणि फोटो सुधारला होता, म्हणून सहा महिन्यांवरच थांबलो. ऑगस्टमध्ये वजन ६०, एचबीएवनसी ७.३. टीबी गेल्यावरही साखर राहिली, म्हणजे ती आजाराची तात्पुरती चढ नव्हती.

बाळकृष्णची एचबीएवनसी ६.३. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. बहिणीची ७.१, म्हणजे मधुमेह. तिला दुसऱ्या बाळंतपणात साखर निघाली होती, बाळंत झाल्यावर कोणी पुन्हा तपासायला बोलावलं नाही. दोघांनाही टीबी नाही. सुलभाच्या माहेरी कोणालाही मधुमेह नाही आणि तिची साखर उत्तम, पण प्रतिबंधक औषध लागलं ते तिला. साखर माणसांबरोबर लांज्यापासून विरारपर्यंत गेली होती. टीबी त्या खोलीत आणि त्या मजल्यावरच राहिला. पुढे त्याच पॅसेजवर तपासणी झाली तेव्हा आणखी एक रुग्ण सापडला, एकटी राहणारी म्हातारी, जिचा खोकला सगळ्यांना सवयीचा झाला होता.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत स्वस्त संधी कंपनीच्या मेडिकलची होती. कंबर मोजली, लिहिली आणि कोणी वाचली नाही. तिथे एक रक्ततपासणी जोडली असती तर वर्षभर आधी मधुमेह कळला असता आणि कदाचित टीबीला इतकी मोकळी वाट मिळाली नसती. २०२३च्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि १५.३ टक्के उंबरठ्यावर आहेत. अशा देशात चाळिशीच्या रात्रपाळीवाल्याला साखर न तपासता 'फिट' म्हणणं मला समजत नाही.

दुसरी संधी बहिणीची. बाळंतपणातली साखर ही त्या घराला मिळालेली पहिली स्पष्ट सूचना होती, शशिकांतच्या खोकल्याच्या कित्येक वर्षं आधीची. त्या वेळी भावंडांना बोलावलं असतं तर हे प्रकरण वेगळ्या पानावर सुरू झालं असतं. बाळकृष्णसारख्या उंबरठ्यावरच्या माणसाला काय फायदा होतो हे आपल्याकडेच तपासलेलं आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या अभ्यासात (२००६) चालणं आणि खाण्यातले बदल यांनी तीन वर्षांत मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिनने २६.४. गावी राबणाऱ्या माणसाला 'चाला' म्हणण्यात अर्थ नसतो. त्याच्या बाबतीत भाताचं प्रमाण आणि वर्षातून एक तपासणी, एवढंच ठरलं.

घरभेट पहिल्याच आठवड्यात व्हावी. या प्रकरणात ती झाली कारण कार्यकर्ती त्याच वसाहतीत दुसऱ्या कामाला जाणार होती. आता आम्ही केसपेपरवर चार प्रश्न वाढवले आहेत: कितवा मजला, खिडकी कशावर उघडते, ती उघडी असते का, दिवसा खोलीत कोण झोपतं. भरायला दोन मिनिटं लागतात.

दोन खिडक्यांवरचे दोन आहारकागद ही तर निव्वळ कारभाराची गोष्ट आहे. टीबी आणि मधुमेह एकत्र असलेल्यांसाठी एकच कागद असावा, मराठी आणि हिंदीत, त्यात सुकट आणि नाचणी असावी, ओट्स आणि ब्रोकोली नसावी.

जागेच्या बाबतीत हातात फारसं काही नाही. इमारतींमधलं अंतर चिठ्ठीवर लिहून वाढत नाही. पुनर्वसनाचे नकाशे मंजूर होताना दुसऱ्या मजल्यावर किती वेळ ऊन पडेल हे कोणीतरी मोजायला हवं, पण तो निर्णय दवाखान्यात होत नाही. शशिकांत आणि सुलभा खोली भाड्याने देऊन बदलापूरला जायचा विचार करत आहेत. तिथे दोन्ही बाजूंना खिडक्या असलेली जागा त्याच भाड्यात मिळते. पण लोअर परळला जायला-यायला रोजचे तीन-साडेतीन तास, म्हणजे झोप पुन्हा कमी, जेवण पुन्हा उशिरा, आणि मुलीचं दहावीचं वर्ष. त्यांनी मला काय करू म्हणून विचारलं. दहावी होऊ द्या, असं मी सांगितलं आहे, आणि तोवर दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी.

दिवसपाळी आठ महिने टिकली. मग टॉवरचं कंत्राट दुसऱ्या एजन्सीकडे गेलं आणि नव्या यादीत शशिकांत पुन्हा रात्रपाळीला आहे. नव्या एजन्सीसाठी चिठ्ठी लिहून दिली आहे.